दारावर भलताच हुद्दा : ‘पंतप्रधान’ हे पद जन्माला कसं आलं?

लंडनमधल्या दहा, डाउनिंग स्ट्रीटचं काळं दार आपण टीव्हीवर इतक्यांदा पाहिलंय की ते शेजारच्या वाड्याचं वाटावं. २०२२ साली तर एकाच वर्षात तीन पंतप्रधान त्या दारातून आत-बाहेर झाले आणि बातमीदार दारासमोर छत्र्या घेऊन ताटकळले. त्या दाराला पत्रं टाकायची एक पितळी फट आहे. कॅमेरा जवळ गेला की तिच्यावर कोरलेली अक्षरं वाचता येतात. तिथे ‘पंतप्रधान’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’ असं आहे, म्हणजे तिजोरीचा पहिला लॉर्ड.

देशाच्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या दारावर खजिनदाराची पाटी का, याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. रॉबर्ट वॉलपोल त्याचं नाव. नॉरफोक परगण्यातला जमीनदार, धिप्पाड, लालबुंद चेहऱ्याचा, मोठ्याने हसणारा. सभागृहात बसून गावाकडची सफरचंदं खायचा, असं सांगतात. १७२१ ते १७४२ अशी जवळजवळ एकवीस वर्षं त्याने ब्रिटनचा कारभार चालवला. त्याला ब्रिटनचा पहिला पंतप्रधान म्हणतात. त्याच्यासमोर तसं म्हटलं असतं तर मात्र त्याने ते साफ नाकारलं असतं. खरं तर त्याने ते नाकारलंच, आणि तेही भर सभागृहात. तिथवर आपण येऊच.

आधी राजा आणि पैसा

वॉलपोलचा जन्म १६७६ सालचा. तो बारा वर्षांचा असताना इंग्लंडमध्ये मोठी उलथापालथ झाली. दुसरा जेम्स हा कॅथलिक राजा १६८८ साली पळून गेला आणि संसदेने त्याची मुलगी मेरी आणि जावई विल्यम यांना गादीवर बसवलं. १६८९ च्या कायद्याने ठरलं की संसदेच्या संमतीशिवाय राजाला कर लावता येणार नाही आणि शांततेच्या काळात फौज बाळगता येणार नाही.

बाकी राजा राजाच राहिला. मंत्री तोच नेमणार, युद्ध-तह तोच करणार, नेमणुका तोच वाटणार. फक्त खर्चाचा पैसा दरवर्षी कॉमन्सकडून, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहाकडून, मागून घ्यायचा. ‘निवडून आलेल्या’ हा शब्द जपूनच वापरायला हवा. सभासद ५५८, पण मतदार मूठभर आणि कित्येक मतदारसंघ एखाद्या जमीनदाराच्या खिशात. कॅसल रायझिंग नावाचा असाच एक मतदारसंघ वॉलपोल घराण्याच्या खिशात होता आणि रॉबर्ट १७०१ मध्ये तिथूनच पहिल्यांदा सभागृहात गेला.

एकत्र कुटुंबाची कल्पना करा. घर आजोबांच्या नावावर, शब्द आजोबांचा. पण किराणा, लाइटबिल आणि मुलांच्या फिया थोरल्या मुलाच्या पगारातून. आजोबा म्हणतात लग्न धूमधडाक्यात करायचं, मुलगा म्हणतो परवडत नाही. अशा घरात एखादी आत्या असते. ती आजोबांना पटवते, मुलालाही समजावते, आणि कपाटाच्या किल्ल्या बघता बघता तिच्या कमरेला येतात. हे तिला कुणी सोपवलेलं नसतं. वॉलपोल ही ब्रिटनची आत्या.

फ्रान्सशी लांबलेल्या युद्धांनी तिढा आणखी वाढवला. युद्ध कर्जावर चाललं. १७२० च्या सुमाराला सरकारच्या डोक्यावर पाच कोटी पौंडांच्या आसपास कर्ज होतं. ते कसं फेडायचं, हे ज्याला कळतं त्याच्याकडे दरबार आणि सभागृह दोघांनाही यावं लागणार होतं.

तुरुंगात जाऊन आलेला खजिनदार

रॉबर्ट घरातला धाकटा, म्हणून त्याने धर्मगुरू व्हावं असं ठरलेलं. ईटन झालं, केंब्रिज सुरू झालं. १६९८ मध्ये थोरला भाऊ वारला, शिक्षण अर्धवट राहिलं आणि दोन वर्षांत वडीलही गेले. पाळकाचा झगा राहिला बाजूला, जमीन आणि तिच्यावरचं कर्ज अंगावर आलं.

१७०२ पासून तो किंग्ज लिन या बंदरगावचा प्रतिनिधी झाला. आकड्यांत पक्का, बोलण्यात सरळ. तेव्हा दोन गट होते. संसदेचा वरचष्मा आणि प्रोटेस्टंट राजवंश हवा असणारे व्हिग, आणि चर्च व गादी यांच्या परंपरेला धरून असणारे टोरी. वॉलपोल पक्का व्हिग. तो युद्धखात्याचा सचिव झाला, मग आरमाराचा खजिनदार.

टोरींची सत्ता आली आणि १७१२ मध्ये कॉमन्सने त्याला दोषी धरलं. स्कॉटलंडमधल्या लष्करी घोड्यांच्या चाऱ्याचं कंत्राट देताना त्यात आपल्या मित्राचा हिस्सा ठेवला, हा आरोप. (चारा आणि राजकारण यांचं नातं बरंच जुनं दिसतं.) त्याला सभागृहातून काढलं आणि लंडनच्या टॉवरमध्ये सहा महिने डांबलं. किंग्ज लिनने त्यालाच पुन्हा निवडून दिलं, तर ती निवडणूकच रद्द झाली. पण टॉवरमध्ये मोठमोठे लोक भेटायला रांगा लावू लागले. आरोपात तथ्य किती आणि सूड किती हे वेगळं करणं कठीण आहे. माझ्या मते दोन्ही होतं.

१७१४ मध्ये राणी ॲन वारली. तिचे पन्नासहून अधिक जवळचे नातेवाईक कॅथलिक म्हणून बाद झाले आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरचा संस्थानिक पहिला जॉर्ज म्हणून गादीवर आला. व्हिगांचे दिवस पालटले. १७१५ मध्ये वॉलपोल पहिल्यांदा ट्रेझरीचा प्रमुख झाला, पण गटबाजीत १७१७ साली बाहेर पडला. तिथे थांबला असता तर आज त्याचं नाव कुणी घेतलं नसतं. त्याला वर काढलं ते एका शेअरघोटाळ्याने.

बुडबुडा

साउथ सी कंपनी १७११ मध्ये स्थापन झाली. स्पेनच्या ताब्यातल्या अमेरिकेशी व्यापाराचा मक्ता तिच्याकडे होता. त्यात मुख्य माल होता माणसं, आफ्रिकेतून नेलेले गुलाम. हा व्यापार फारसा चालला नाही आणि कंपनीचं खरं काम झालं सरकारी कर्जाची उलाढाल.

१७२० ची योजना अशी. सरकारने हजारो लोकांकडून कर्ज घेतलंय आणि त्यावर वर्षानुवर्षं व्याज द्यावं लागतंय. कंपनी म्हणाली, या लोकांचे सरकारी कागद आम्ही घेतो आणि बदल्यात आमचे शेअर देतो. सरकार आम्हाला कमी व्याज देऊ दे, शिवाय या सवलतीसाठी आम्हीच सरकारला सुमारे ७० लाख पौंड मोजू.

इथवर ठीक. गोम पुढे आहे. १०० पौंडांच्या कर्जाला १०० पौंडांचा एक शेअर द्यावा लागतो. शेअरचा भाव २०० झाला तर अर्धा शेअर पुरतो आणि उरलेला अर्धा कंपनी बाजारात विकून रोकडा खिशात घालू शकते. म्हणजे कंपनीचा सगळा नफा भाव चढण्यात. मग भाव चढवला गेला. कंपनी आपलेच शेअर गहाण ठेवून घेई आणि त्यांवर कर्ज देई, त्या कर्जातून लोक आणखी शेअर घेत. मंत्र्यांच्या आणि दरबारातल्या बड्या मंडळींच्या नावावर पैसे न घेता शेअर लिहिले गेले. भाव चढला की फरक घेऊन जा, असा तो व्यवहार. साधी लाचच ती, फक्त हिशेबाच्या वहीत शिरलेली.

जानेवारीत १२८ च्या आसपास असलेला भाव उन्हाळ्यात हजारावर पोचला. नव्या पैशाने जुन्यांचा नफा भागवणारी एखादी भिशी बुडताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. सप्टेंबरअखेर भाव दोनशेच्या खाली घसरला होता.

वॉलपोलने आधी या योजनेवर टीका केली होती, हे खरं. त्याला सगळं कळत होतं आणि तो अलिप्त राहिला, ही मात्र दंतकथा. शेअर त्याने स्वतःही घेतले होते. त्याचं नशीब इतकंच की घोटाळ्याच्या मुख्य महिन्यांत तो निर्णय घेणाऱ्यांत नव्हता. चौकशी लागली तेव्हा अर्थमंत्री जॉन एस्लबी टॉवरमध्ये गेला. मंत्री जेम्स स्टॅनहोप आजारी पडून अचानक वारला, दुसरा मंत्री क्रॅग्ज देवीच्या रोगाने गेला आणि कंपनीचा रोखपाल हिशेबाच्या वह्या घेऊन परदेशी पळाला. मैदान रिकामं झालं.

वॉलपोलने दोन कामं केली. एक, लोकांना धीर दिला. संचालकांच्या मालमत्ता जप्त झाल्या, कंपनीने सरकारला द्यायचे कबूल केलेले सुमारे ७० लाख पौंड माफ झाले आणि नुकसान थोडंफार वाटून घेतलं गेलं. दुसरं काम कमी सन्मानाचं. दरबारापर्यंत जाणारे धागे त्याने हळूच कापले. ट्रेझरीचा सचिव चार्ल्स स्टॅनहोप १८० विरुद्ध १७७ अशा तीन मतांनी सुटला. लोक चिडून वॉलपोलला ‘पडदा’ म्हणू लागले, आत काय चाललंय ते झाकणारा. पण ज्यांना त्याने झाकलं, त्यांत राजाचं घर होतं. हा उपकार विसरण्याजोगा नव्हता. ३ एप्रिल १७२१ रोजी तो पुन्हा ट्रेझरीचा पहिला लॉर्ड झाला.

हुद्दा नव्हता, मग ताकद कुठली?

पूर्वी तिजोरीवर एकच बडा अधिकारी असे. १७१४ नंतर ते काम कायमचं एका मंडळाकडे गेलं आणि मंडळाचा प्रमुख तो ‘पहिला लॉर्ड’. कागदावर एवढंच.

पण तिजोरीतून नेमणुका निघत. बंदरावरचे जकात अधिकारी, करवसुलीचे कारकून, पेन्शनी, कंत्राटं. आपल्याकडे जिल्ह्यातला एखादा नेता साखर कारखान्यात, बँकेत आणि शिक्षणसंस्थेत माणसं ‘लावून’ देतो आणि निवडणुकीत ती सगळी घरं त्याच्या मागे उभी राहतात, ते यंत्र डोळ्यांपुढे आणा. वॉलपोलने हे यंत्र साऱ्या देशभर बसवलं. कॉमन्समधल्या बऱ्याच सभासदांकडे सरकारी पद असे आणि मतदान करताना त्यांना ते आठवत असे.

तरी नुसत्या वाटपावर वीस वर्षं निघत नाहीत. पद नसलेले, घरचे खाऊनपिऊन सुखी जमीनदार सभागृहात पुष्कळ होते आणि त्यांना पटवून द्यावं लागे. वॉलपोलचं खरं कसब तिथे होतं. त्यांच्याच भाषेत, पिकापाण्याच्या आणि कुत्र्या-घोड्यांच्या गप्पा मारत तो अर्थसंकल्प समजावून सांगे. त्यांना सलणारा कर होता जमीनकर. युद्धात पौंडामागे चार शिलिंग, म्हणजे विसात चार. वॉलपोलने युद्ध टाळलं आणि १७३२ पर्यंत तो एका शिलिंगवर आणला. भरपाईसाठी त्याच साली मिठावरचा कर परत आणला. जमीनदाराचं ओझं मजुराच्या ताटात गेलं. त्याच्या शहाणपणाचे गोडवे गाताना हे वाक्य हटकून गळतं.

आणखी एक गोष्ट त्याने जाणून केली. बडे मंत्री उमरावपद घेऊन लॉर्ड्सच्या, म्हणजे वंशपरंपरागत सरदारांच्या सभागृहात जात. १७२३ मध्ये त्यालाही तसं देऊ केलं. त्याने ते मुलाच्या नावावर घेतलं आणि स्वतः कॉमन्समध्येच बसला. पैसा मंजूर होतो तिथून हलायचं नाही, हे त्याला पुरतं कळलं होतं.

‘पण राजाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून हे झालं ना?’

शाळेच्या पुस्तकात असंच असतं. जॉर्जला इंग्रजी येईना, म्हणून तो मंत्र्यांच्या बैठकीला येईना, म्हणून खुर्ची वॉलपोलला मिळाली. गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणूनच टिकली. जॉर्जचं इंग्रजी कच्चं होतं, पण दरबारात फ्रेंच सर्रास चाले आणि कामाचे कागद त्याच्यापर्यंत पोचत. बैठकांपासून तो दूर राहिला तरी निर्णयांपासून राहिला नाही. आणि १७२७ मध्ये आलेल्या दुसऱ्या जॉर्जला तर इंग्रजी चांगलं येत होतं. तरीही वॉलपोल टिकला, तो कसा?

जून १७२७. पहिला जॉर्ज जर्मनीच्या प्रवासात वारल्याची बातमी आली. वॉलपोल घोडा फेकत रिचमंडला गेला आणि दुपारच्या झोपेतून उठवलेल्या नव्या राजाला मुजरा केला. बाप-लेकांचं कधी पटलं नव्हतं, त्यामुळे बापाचा मंत्री लेकाला नकोसा. राजा म्हणाला, सर स्पेन्सर कॉम्प्टनकडे (हा कॉमन्सचा सभापती) जा, तो सांगेल ते करा. संपलं, असं सगळ्यांना वाटलं. दरबारात वॉलपोलकडे पाठ फिरवून लोक कॉम्प्टनभोवती गोळा झाले.

राजाने करायच्या पहिल्या निवेदनाचा मसुदा लिहिण्याचं काम कॉम्प्टनकडे आलं. त्याला ते जमेना. त्याने कुणाला विनवलं? वॉलपोललाच! वॉलपोलने निमूटपणे लिहून दिलं. मग राजाच्या खर्चाचा प्रश्न आला. वॉलपोलने कॉमन्सकडून राजाला वर्षाला आठ लाख पौंड आणि राणीला वैधव्यात एक लाख पौंडांची तरतूद मंजूर करून दाखवली. एवढं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. वॉलपोल राहिला.

खरी किल्ली राणी कॅरोलाइनकडे आहे, हेही त्याने ओळखलं होतं. दोघं आधी आपसात ठरवत, मग ती बोलता बोलता विषय काढी आणि शेवटी कल्पना आपलीच, असं राजाला वाटे. १७३७ मध्ये ती गेली तेव्हा वॉलपोलचा निम्मा आधार गेला.

घर मला नको, खुर्चीला द्या

१७३२ मध्ये दुसऱ्या जॉर्जने त्याला डाउनिंग स्ट्रीटवरचं घर भेट देऊ केलं. वॉलपोल म्हणाला, मला खासगी नको. ट्रेझरीचा जो पहिला लॉर्ड असेल त्याला राहायला असू द्या. दुरुस्त्या होऊन १७३५ मध्ये तो तिथे राहायला गेला. पाटीचं कोडं इथे सुटतं.

त्यागमूर्ती म्हणून हार घालण्याआधी नॉरफोककडे पाहा. तिथे हॉटन या गावी त्याने प्रचंड प्रासाद बांधला. बागेच्या आड येतं म्हणून जुनं गावच उठवून दूर वसवलं. रुबेन्स, व्हॅन डाइक यांच्यासारख्यांची चित्रं भिंतीभर लावली. पुढे नातवाने ती रशियाच्या कॅथरीन राणीला १७७९ मध्ये विकली आणि त्यांतली बरीचशी आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत.

जकात नाका की गोदामातली धाड?

त्याची सगळ्यात मोठी हार एका चांगल्या कल्पनेपायी झाली, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला ती चटकन समजेल.

तंबाखू आणि दारू यांवर बंदरात कर घेत, आपल्या जकात नाक्यासारखा. तंबाखू परत बाहेर पाठवला तर भरलेला कर परत मिळे. व्यापारी आत येताना वजन कमी दाखवत, बाहेर जाताना जास्त, आणि न भरलेला करसुद्धा परत घेत. उघड तस्करी वेगळीच. १७३३ मध्ये वॉलपोलने सुचवलं की बंदरातला कर जवळजवळ काढून टाकू. माल सरकारी देखरेखीच्या गोदामात राहील आणि देशात विकायला बाहेर काढाल तेव्हाच कर भरा. परदेशी पाठवलात तर काहीच नको. याला म्हणायचे एक्साइज, म्हणजे विक्रीपाशी घेतलेला कर.

हिशेबाने योजना चोख होती. पण एक्साइज म्हटलं की एक्साइजचा अधिकारी आला, आणि त्याला दुकानात, गोदामात शिरून तपासणी करायचा हक्क. २०१३ साली जकातीच्या जागी आलेल्या एलबीटीविरुद्ध महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, तेव्हा तक्रार काय होती आठवतं? कर तर आम्ही भरतोच आहोत, पण इन्स्पेक्टर दारात नको. लंडनमध्ये १७३३ साली हेच झालं. आज तंबाखू, उद्या पाव आणि मटण, अशी हूल उठली. वॉलपोलचे पुतळे जाळले, सभागृहाच्या दारात त्याला धक्काबुक्की झाली. ६१ चं मताधिक्य महिन्याभरात १७ वर आलं आणि त्याने विधेयक गुंडाळलं.

कुठे थांबायचं हे त्याला कळलं, असं म्हणून इतिहासकार त्याची पाठ थोपटतात. पुढचं तितकं शोभादायक नाही. विरोधात गेलेल्या सरदारांची पदं त्याने काढून घेतली. लॉर्ड कॉबमची तर पलटण गेली. दुखावलेल्या कॉबमभोवती तरुणांचा एक गट जमला. त्यात विल्यम पिट होता, तोच जो पुढे स्वतः त्या जागेवर पोचला.

‘इतका भ्रष्ट माणूस, त्याचं कौतुक कशाला?’

रास्त प्रश्न. ‘प्रत्येक माणसाची किंमत असते’ हे वाक्य त्याच्या नावावर खपतं. त्याच्या चरित्रकाराने नोंदवलेलं वाक्य अरुंद आहे. विरोधातल्या काही देशभक्तांकडे बोट दाखवून तो म्हणाला होता, ‘या सगळ्या माणसांची किंमत आहे.’ फरक बारीक आहे, पण पहिलं वाक्य तत्त्वज्ञान होतं आणि दुसरं ओळखीतल्यांबद्दलची माहिती.

लाचेपेक्षा मला त्याच्या दोन गोष्टी जास्त खुपतात. १७२३ च्या एका कायद्याने, चेहरा काळा करून हरणं चोरण्यापासून झाडं तोडण्यापर्यंत पन्नासच्या आसपास गुन्ह्यांना फाशी ठरवली. जंगलकाठच्या गरिबांवर हा दोर पडला. आणि रंगभूमीवर आपली टिंगल सहन होईना म्हणून १७३७ मध्ये नाटकांना आधी परवानगी घेण्याची सक्ती केली. ही सेन्सॉरशिप ब्रिटनमध्ये थेट १९६८ पर्यंत टिकली. माणूस पाच-दहा वर्षांत विसरला जातो, त्याने दडपणासाठी केलेला कायदा नाही.

दुसऱ्या पारड्यात शांतता. १७३४ मध्ये पोलंडच्या गादीवरून युरोप लढत होता आणि राजाला त्यात उडी घ्यायची होती. वॉलपोलने राणीला सांगितलं की यंदा युरोपात पन्नास हजार माणसं मेली आणि त्यात एकही इंग्रज नाही.

पंतप्रधान ही शिवी

इंग्रजीत तेव्हा ‘प्राइम मिनिस्टर’ म्हटलं की फ्रान्सचा रिशेल्यू आठवे, राजाला गुंडाळून एकहाती राज्य करणारा कारभारी. इंग्लंडमध्ये असा कुणी नसावा, सगळे मंत्री राजाला सारखेच जबाबदार, अशी कल्पना. म्हणून विरोधक हा शब्द वॉलपोलला मारायला वापरत.

फेब्रुवारी १७४१ मध्ये सॅम्युअल सँडिस नावाच्या सभासदाने, वॉलपोलला राजाने आपल्या सल्ल्यातून कायमचं दूर करावं, असा ठराव मांडला. मुख्य आरोपांपैकी एक हाच की हा स्वतःला एकमेव मंत्री करून बसलाय. वॉलपोलने उठून सांगितलं की मी पंतप्रधान नाही, तो आळ मी नाकारतो. ठराव २९० विरुद्ध १०६ मतांनी पडला. लॉर्ड्समध्येही ठराव पडला, पण हरलेल्या उमरावांनी निषेध नोंदवला की असा मंत्री या देशाच्या कायद्याला ठाऊकच नाही.

कायद्याच्या दृष्टीने त्यांचं बरोबरच होतं, आणि पुढेही बराच काळ राहिलं. १८७८ च्या बर्लिन तहावर डिझरायलीने पंतप्रधान म्हणून सही केली. १९०५ मध्ये दरबारी मानाच्या क्रमात या पदाला जागा मिळाली. संसदेच्या कायद्यात हा शब्द शिरला १९१७ साली, तोही पंतप्रधानाला सुट्टीसाठी मिळालेल्या चेकर्स या बंगल्याच्या निमित्ताने. आपल्या राज्यघटनेने ही गंमत ठेवली नाही. कलम ७४ मध्ये पंतप्रधान सरळ नाव घेऊन आहेत.

एका मताने

१७३९ मध्ये वॉलपोलला नको असलेलं युद्ध आलंच, स्पेनशी. निमित्त झालं जेंकिन्स नावाच्या कप्तानाचा स्पॅनिश पहारेकऱ्यांनी कापलेला कान. रस्त्यांवर घंटा वाजल्या. वॉलपोलला त्यात शोककळा ऐकू येत होती. युद्ध रेंगाळलं, जमीनकर चढला. १७४१ च्या निवडणुकीत युवराज फ्रेडरिकने कॉर्नवॉलमधल्या जागा फिरवल्या, स्कॉटलंडही हातचं गेलं.

त्या काळी निवडणुकीच्या तक्रारी न्यायालयात जात नसत. सभागृहच मतदान करून कोण जिंकला ते ठरवी, म्हणजे बहुमत ज्याचं निकाल त्याचा. जानेवारी १७४२ मध्ये चिपनहॅमच्या तक्रारीवर वॉलपोल एका मताने हरला, पुढच्या मतदानात सोळाने. राजाने उमरावपद दिलं, त्याचा निरोप घेताना राजा रडला, आणि फेब्रुवारीत वॉलपोलने पद सोडलं.

त्यात एवढं काय, असं आज वाटेल. पण १६४१ मध्ये पहिल्या चार्ल्सच्या आवडत्या मंत्र्याचं, स्ट्रॅफर्डचं, डोकं उडवलं होतं. दुसऱ्या चार्ल्सचा मंत्री क्लॅरेंडन परदेशात मेला. राणी ॲनचा मंत्री बॉलिंगब्रोक १७१५ मध्ये फ्रान्सला पळाला. इथे राजाला मंत्री हवा होता, सभागृहाला नको होता, आणि मंत्री बग्गीत बसून गावी गेला. चौकशी समिती बसली, पण ट्रेझरीच्या म्हाताऱ्या सचिवाने, जॉन स्क्रोपने, गुप्त खर्चाचा हिशेब राजाशिवाय कुणालाही द्यायला नकार दिला आणि चौकशी विरली. मंत्रिमंडळातले बाकीचे बरेचसे जागच्या जागी राहिले. सगळ्यांनी एकत्र राजीनामा द्यायची रीत अजून यायची होती.

वॉलपोलचा काळ आणि थोरल्या बाजीरावांचा काळ जवळजवळ एकच, १७२१ ते १७४२ आणि १७२० ते १७४०. हिंदीत ‘प्रधानमंत्री’ म्हणतात. आपण मराठीत जो ‘पंतप्रधान’ शब्द वापरतो तो पेशव्यांकडूनच आलेला. साताऱ्याला छत्रपतींची गादी, आणि कारभाराचं वजन हळूहळू पुण्याकडे सरकलेलं. १७४० मध्ये बाजीराव गेले आणि शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रं त्यांच्या मुलाला, नानासाहेबांना दिली.

वॉलपोल १७४५ मध्ये मूतखड्याच्या दुखण्याने वारला. थोरल्या मुलाला हॉटन मिळालं, उमरावपद मिळालं, हजारो पौंडांचं कर्जही मिळालं. ट्रेझरी मिळाली नाही. ती १७४२ मध्येच गेली होती स्पेन्सर कॉम्प्टनकडे, ज्याला पंधरा वर्षांपूर्वी एक मसुदा लिहिता आला नव्हता. आणि डाउनिंग स्ट्रीटच्या त्या घरात वॉलपोलच्या मागोमाग सामानसुमान घेऊन राहायला आला नवा अर्थमंत्री, सॅम्युअल सँडिस.